सहाव्या कपावरचं चित्र

माझ्या हाताला धीर नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही. लहानपणापासून सगळे तेच सांगत आलेत आणि मी तेवढ्याच जोरानं नाकारत आले आहे. दुसऱ्याला ज्या कामाला तास लागतो ते मी वीस मिनिटांत उरकते आणि वर त्याला ऐकवतेही. या वर्षीच्या नवरात्रानंतर मात्र माझी बोलती बंद झाली आहे.

आमच्या घरात पोरींच्या खेळण्यातला चिनी मातीचा एक टी-सेट आहे. आमच्या म्हणजे आता अक्काच्या. अक्का माझी थोरली बहीण, सत्तरीची. मी चौसष्टची. दोघी तंजावुरातच, एकाच रस्त्यावर, मध्ये चार घरं. तिचे यजमान जाऊन बारा वर्षं झाली. मी लग्नाच्या भानगडीत पडलेच नाही, सरकारी कचेरीत फायली हाकल्या आणि निवृत्त झाले. सकाळची कॉफी माझ्याकडे, दुपारचा भात तिच्याकडे, आणि दोन्हीकडे भांडण, असा आमचा संसार.

टी-सेट पणजोबांनी नागपट्टणमला घेतला होता. कुणी गोरा साहेब घर मोडून विलायतेला परत चालला होता, त्याच्या सामानाचा लिलाव होता. पणजोबा मेज घ्यायला गेले आणि हे घेऊन आले. माझ्या मुठीएवढी किटली, तिला जोडीचं दुधाचं भांडं, साखरेचं भांडं, सहा कप, सहा बशा. पांढऱ्यावर निळी चित्रं. एका कपावर चाक पळवणारा मुलगा, एकावर दोरीच्या उड्या मारणारी मुलगी, एकावर कुत्र्याला टोपी घालणारी. चेहरे इतके बारीक की नाकाच्या जागी नुसता ठिपका. तरी त्या ठिपक्यावरून कोण रुसलंय आणि कोण हसतंय ते कळायचं. माझा कप कुत्र्याचा होता. त्या कुत्र्याला टोपी मुळीच आवडलेली नाही हे मला चौथ्या वर्षीच ठाऊक होतं.

आमच्याकडे नवरात्रात कोलू असतो. पायऱ्या रचायच्या, त्यांवर देवांच्या आणि माणसांच्या बाहुल्या मांडायच्या, संध्याकाळी आल्यागेल्या बायकांना सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली चण्यांची उसळ, द्यायचं. ही रीत तमिळांची खरी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथं राहून आमच्या मराठी घरांनी ती कधीच आपली केली. टी-सेट खालच्या पायरीवर. आणि आमच्याच घरची एक जास्तीची रीत: पहिल्या दिवशी घरातल्या मुलींनी देवीसमोर बसून त्या कपांतून वेलदोड्याचं दूध प्यायचं. ज्या मुलीनं पहिल्या वर्षी जो कप उचलला तो तिचा. लग्न होऊन गेली तरी तो तिचाच.

सहापैकी एक कप मी फोडला. पंचविशीत होते, घोडी झाले होते, तरी फोडला. धुताना हातातून सटकला आणि दगडावर तीन तुकडे. अक्काची मुलगी तेव्हा तीन वर्षांची, पुढच्या कोलूला पहिल्यांदा दूध प्यायला बसणार होती. म्हणून तिच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या भावजींनी, कारैक्कालच्या एका जुन्या बाजारातून एकटा कप शोधून आणला. मापानं तोच, पण निळा नव्हे. काठाला सोनेरी रेघ आणि एका अंगाला रंगीत चित्र. पाच निळ्या कपांत तो सवतीच्या पोरासारखा दिसत होता. पोरीनं नेमका तोच उचलला.

मी तेव्हा मन्नारगुडीला नोकरीला होते. कोलूला एक दिवस यायचे, सगळ्यांना चार कामं सांगायचे आणि बसनं परत जायचे. तो कप मी तीन वर्षं पाहिला तो तिच्या मुठीत. चित्र तळव्याखाली झाकलेलं. पिवळं काहीतरी होतं, एवढंच मला आठवतं.

तिसऱ्या कोलूनंतर महिन्याभरात ती गेली. ताप आला, औषध दिलं, उतरला, पुन्हा चढला. तिसऱ्या दिवशी सकाळी गेली. सहा वर्षांची होती. अक्काला पुन्हा मूल झालं नाही.

पुढच्या वर्षी सगळ्यांना वाटलं अक्का कोलू मांडणार नाही. तिनं मांडला. सगळे कप मांडले, पोरीचाही. फक्त त्याचं चित्र भिंतीकडे फिरवून, पांढरी पाठ माणसांकडे. तेव्हापासून छत्तीस वर्षं तो तसाच. तो ती एकटी धुवायची, मागल्या दारी बसून, आमच्याकडे पाठ करून, आणि पुसून फडक्यात गुंडाळायची. कुणाचा हात लागू द्यायची नाही. चुलत्या-मावश्या म्हणायच्या, दृष्ट लागू नये म्हणून करते. मी म्हणायचे, गेलेल्या पोरीला आता कुणाची दृष्ट लागायची आहे? तोंडावर नाही म्हटलं, पण अक्काला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं. मी अशीच.

या वर्षी श्रावण संपताना अक्काच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. नवरात्रापर्यंत चालायला लागेल असं डॉक्टर म्हणाले, पण जखमेनं जरा त्रास दिला आणि मुक्काम लांबला. अमावास्या आली तरी बाई दवाखान्यातच. कोलू तर मांडायलाच हवा, एकदा सुरू केला की खंड पडू देत नाहीत. मी म्हटलं, मी आहे ना. तिनं पलंगावरून सगळं सांगितलं, कुठली बाहुली कुठल्या पायरीवर, पेटीची किल्ली कुठं. शेवटी म्हणाली, सगळं तू कर, पण तो कप तसाच फडक्यात राहू दे, मी आले की धुईन.

मी हो म्हटलं. हो म्हणायला माझं काय जातं.

कोलूच्या आधी इथं घराघरांत चिंच भिजते. समया, निरांजनं, पितळी घंगाळ, सगळं चिंचेच्या कोळात घालायचं आणि काथ्यानं घासायचं. मीही मागल्या दारी मोठा टब मांडला. समया त्यात बुडवल्या. मग टी-सेटची पेटी उघडली. वर्षानुवर्षांच्या धुरानं आणि तेलकट हातांनी किटली पिवळट पडली होती. अक्का नुसत्या पाण्यानं धुते, फुलासारखी. मला राग आला, इतकी चांगली वस्तू, पण हिला घासायचा कंटाळा. घातलं सगळं चिंचेत, वर मूठभर मीठ. फडक्यातला कपही काढला. एका कपासाठी पुन्हा सगळा पसारा कोण मांडणार? ती आली की तिच्या हातात चकचकीत ठेवू, असा माझा विचार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

दोन तासांनी घासायला बसले तर फोन वाजला. दिव्यांच्या माळा लावणारा माणूस आज येत नाही म्हणाला. मी फोन कानाखांद्यात धरला आणि त्याची चांगली हजेरी घेतली. गेल्या वर्षी काय केलंस, त्याआधी काय केलंस, सगळं काढलं. तोंड चालू आणि हातही चालू, काथ्या, भांड्यांचं चूर्ण, काथ्या, चूर्ण. माझा राग हातातून निघतो. पाच निळे कप असे निघाले की पणजोबांनी कालच आणले असावेत. कुत्र्याच्या टोपीची घडीसुद्धा दिसायला लागली. मी फोन ठेवला आणि खुशीत शेवटचा कप पाण्याखाली धरला.

तो पांढरा होता. सगळ्या बाजूंनी पांढरा. मला वाटलं साखरेचं भांडं उचललं, म्हणून इकडेतिकडे पाहिलं. मग हातातल्या काथ्याकडे लक्ष गेलं. त्याच्या धाग्यांत सोनेरी कण अडकले होते.

मी तिथंच ओल्या दगडावर बसले. काथ्या पाण्यात पिळून पाहिला, जसं काही चित्र त्यातून परत निघणार होतं. काय करत्येस हे तुझं तुला तरी कळतंय का, असं मी मोठ्यानं स्वतःला विचारलं.

दुसऱ्या दिवशी कप घेऊन राजवाड्याजवळच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात गेले. मालक म्हातारा, डोळ्याला भिंग लावून बसलेला, तमिळ इतकं सावकाश बोलणारा की माझ्यासारखीनं उठूनच यावं. पण मी बसले. त्यानं कप फिरवला, नखानं चाचपला आणि समजावून सांगितलं. निळे कप असतात त्यांचं चित्र आधी काढतात आणि मग वर काचेची झिलई चढवतात. चित्र काचेच्या आत, त्याला शंभर वर्षं घासा. याचं चित्र मात्र काचेच्या वर बसवलेलं. पक्क्या कपावर तयार चित्र चिकटवायचं, सोन्याची रेघ ओढायची आणि हलकं भाजायचं. असलं काम नुसत्या ओल्या बोटानं पुसायचं असतं, अम्मा, चिंच तर विषच.

मी विचारलं, परत काढता येईल का? तो म्हणाला, रंगवता येईल, टिकणार नाही. पण असले कप तेव्हा ढिगानं येत, एकेक चित्राचे शेकडो. कारैक्कुडीच्या जुन्या घरांतून अजून निघतात. तुम्ही चित्र सांगा, मी चौकशी करतो, आठ-पंधरा दिवसांत जोडीचा कप मिळूनही जाईल.

माझ्या जिवात जीव आला. चित्र सांगा म्हणाला, आणि मी तोंड उघडलं आणि मला सांगता येईना. पिवळं होतं, म्हटलं. त्यानं मान हलवली. पिवळं म्हणजे बदक असतं, कोंबडीचं पिल्लू असतं, मुलीची टोपी असते, चंद्र असतो. तुम्हीच घासलंत ना, तो म्हणाला, काही तरी दिसलं असेल. मला त्याचाच राग आला. मी म्हटलं, दिसलं असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते, आणि कप पिशवीत टाकून बाहेर पडले. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर परत येऊन त्याची माफी मागितली. त्यानं पाणी दिलं.

घरी येऊन फोनमधले सगळे जुने फोटो काढले. दर वर्षी कोलूचे पन्नास फोटो आम्ही पाठवतो, अक्काचे पुतणे, भाच्या, शेजारणी, सगळे. प्रत्येकात खालच्या पायरीवर तो कप, आणि प्रत्येकात त्याची पांढरी पाठ. मुंबईच्या चुलतबहिणीला विचारलं, ती म्हणाली सशाचा असावा. कुंभकोणमची म्हणाली, गुलाब. दोघींनी कधी पाहिलाच नव्हता, मराठीत आणि तमिळमध्ये खात्रीनं सांगत मात्र होत्या.

म्हणजे जगात एकटी अक्का उरली. ती दर वर्षी धुते, तिला ठाऊक असणार. तिच्याकडून गोड बोलून काढून घ्यायचं, दुकानदाराला सांगायचं, तसाच कप आणून ठेवायचा आणि जन्मभर तोंड बंद ठेवायचं, असं मी ठरवलं. दवाखान्यात गेले, तिचे केस विंचरले, सफरचंद चिरलं. मग सहज म्हणून विचारलं, अक्का, त्या कपावर चित्र कसलं आहे गं?

तिचं चावणं थांबलं. का विचारतेस, म्हणाली. मी म्हटलं, सहज. तिनं उरलेली फोड ताटलीत ठेवली आणि खिडकीकडे तोंड केलं. फडक्यातच आहे ना, एवढंच विचारलं. मी आहे म्हटलं, आणि ते खरंच होतं, पुसून परत गुंडाळला होता. परतताना रिक्षात मी तिच्यावर इतकी चिडले होते की काय सांगू. एवढं काय मेलं लपवायचं, एक शब्द सांगितला असता तर सगळं निस्तरलं असतं. चोर मी, आणि राग तिच्यावर.

चौथ्या माळेला तिला घरी आणलं. दुपारची वेळ, बायका यायला अजून दोन तास होते. वॉकर टेकत टेकत ती आली आणि पायऱ्यांसमोरच्या खुर्चीत बसली. वरच्या पायरीपासून एकेक बाहुली पाहत खाली आली. टी-सेटपाशी थांबली. निळे कप चमकत होते. मी सुंडलासाठी नारळ खवत होते, तिच्याकडे पाहायची हिंमत नव्हती.

म्हणाली, फडक्यातला तो दे, मी धुते.

त्या क्षणी मला खोटं सुचायला हवं होतं. पण तोंडातून निघून गेलं की धुतलाय मी.

मी डोकं खाली घातलं. आता ती ओरडणार, आणि तिनं ओरडावं असंच मला वाटत होतं. ती ओरडली नाही. मान वर केली तर तिच्या चेहऱ्यावर मी कधीच न पाहिलेलं काहीतरी होतं. सुटका झाल्यासारखं.

"तू धुतलास? म्हणजे तू पाहिलंस ते." तिनं माझं मनगट धरलं. "बस इथं. मला सांग, काय आहे त्यावर?"

मला कळेचना. मी म्हटलं, तूच तर दर वर्षी धुतेस. आणि मग तिनं जे सांगितलं ते छत्तीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटच्या कोलूला नऊही दिवस ती पोर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर तो कप घेऊन बसायची आणि चित्रातली गोष्ट सांगायची. रोज थोडी पुढे. अक्का चणे शिजवत असायची, खोबरं वाटत असायची, हं हं करत असायची. दहाव्या दिवशी गोष्ट संपली तेव्हा पोरीनं विचारलं, आवडली का? अक्का म्हणाली, हो, छान आहे. एक शब्द ऐकला नव्हता, चित्राकडेही कधी नीट पाहिलं नव्हतं.

"चित्र पाहिलं तर आठवेल असं वाटतं गं," ती म्हणाली. "पण पाहिलं आणि आठवलं नाही तर? म्हणून मी डोळे मिटूनच धुते, बाजू बोटांनाच कळते. धीर होईल तेव्हा बघू, धीर होईल तेव्हा बघू, असं करत राहिले. आता तू पाहिलंस, बरं झालं. तू सांगितलंस तर जमेल मला. सांग."

आणि तिनं डोळे मिटले. सत्तर वर्षांची बाई, गुडघ्याला पट्टा, आणि गोष्ट ऐकायला बसलेल्या पोरीसारखे गच्च मिटलेले डोळे.

मी तिला खरं सांगायला हवं होतं. सांगणारही होते, देवीसमोर बसून सांगते. पण ती हात सोडेना, आणि मला तिचं तोंड बघवेना, आणि माझ्या जिभेलाही माझ्या हातासारखाच धीर नाही.

"बदक आहे," मी म्हटलं. "पिवळं बदक."

ती बदक म्हणाली, स्वतःशीच. तिचे ओठ हलत होते. खवलेला नारळ तसाच माझ्यासमोर. मध्ये एकदा तिनं विचारलं, एकटंच आहे का, बरोबर कुणी आहे? मी म्हटलं, एकटंच. मग तिनं डोळे उघडले.

"नाही आठवत," ती म्हणाली. "बदकाची गोष्ट काही आठवत नाही."

संध्याकाळी बायका यायच्या आधी मी तो कपही नेहमीसारखा पाठ पुढे करून मांडला. त्या आल्या, सुंडल वाटलं, टी-सेट किती छान निघालाय असं सगळ्या म्हणाल्या. मी हसून घेतलं. कोलू उतरवताना कप मीच फडक्यात गुंडाळला, आणि पेटीच्या तळाशी ठेवला. तिनं मागितला नाही. आता बघायचं काही राहिलं नाही, असं म्हणाली.

दुकानदाराकडे पुन्हा गेले नाही. काय सांगू त्याला, बदक आण? खरं सांगावं असं रोज सकाळी कॉफी गाळताना ठरवते. पण खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं, की तुला आठवलं नाही यात तुझा दोष नाही, तिथं बदक होतं की नव्हतं मलाच ठाऊक नाही, आणि आता ते कुणालाच कळायचं नाही? एक जखम काढून दुसरी द्यायची. म्हणून मी हे इथं लिहिते आहे. वडिलांनी मला बाळबोध लिपी शिकवली, अक्का तमिळ शाळेत गेली, तिला हे वाचता येत नाही.

दुपारी जेवण झाल्यावर ती झोपाळ्यावर बसते, बरा पाय जमिनीला लावून. मी भांडी आवरत असते. मध्येच हाक मारते आणि म्हणते, एक बदक होतं, ते तळ्यावर गेलं, असं काही होतं का गं? नाहीतर कालव्यावर? मी म्हणते, असेल अक्का. ती पुन्हा विचार करत बसते आणि थोड्या वेळानं म्हणते, नाही, ही नव्हे, ही मीच रचते आहे, तिची वेगळी होती. मग मला म्हणते, कसली आई मी, चित्र सांगितलंस तरी मला आठवत नाही.